सातबाऱ्यावरचं नाव आणि खात्यातले बारा हजार

सिंधुदुर्गच्या किनारपट्टीवरच्या एका गावातलं हे घर. जमीन सगळी मिळून ३ हेक्टर १२ आर. खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या कडेला भाताचा मळा, वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर हापूसची कलमं, थोडे काजू आणि उरलेला उघडा कातळ, ज्याची सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य म्हणून नोंद आहे. मळ्यात उतरणारं घरचं माणूस आता एकच, तीन भावांतल्या मधल्याची बायको. वय अठ्ठावन्न. नवरा २०१६ साली वारला. गाव त्यांना काकी म्हणतं, मीही तेच म्हणतो.

२०२५ चा हिशेब मांडला तर काकींच्या खात्यात सरकारकडून वर्षाला १८,००० रुपये येतात. डोंबिवलीला राहणाऱ्या, मे महिन्यात आंबे खायला आणि भाद्रपदात गणपतीला येणाऱ्या त्यांच्या धाकट्या दिराच्या घरात ३०,००० येतात. यात कोणी खोटा कागद केलेला नाही. कोणी कोणाला फसवलेलंही नाही. प्रत्येक रुपया नियमाला धरून आलेला आहे, आणि म्हणूनच हे प्रकरण नीट मांडायचं ठरवलं.

मी गावाजवळच्या बाजारपेठेत महा ई-सेवा केंद्र चालवतो. या घराचे बरेचसे कागद माझ्या टेबलावरून गेले. नाती आहेत तशी ठेवली आहेत, ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत.

ए.कु.मॅ.

काकींचे सासरे खोताचे, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराचे कूळ. कुळकायदा १९४८ चा, खोती रद्द झाली १९४९ च्या कायद्याने, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला कसणारी कुळं कायद्याने मालक ठरली. किंमत भरून झाल्यावर सासऱ्यांना कलम ३२-म चं प्रमाणपत्र मिळालं. ते अजून घरात आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, घड्यांवर फाटलेलं.

सासरे सत्तरच्या दशकाच्या शेवटी गेले. मागे तीन मुलगे आणि एक मुलगी. थोरले मुंबई महापालिकेत कारकून, मधले गिरणीत, धाकटे शाळेत, मुलगी लग्नाची. वारसनोंदीच्या वेळी थोरल्यांचं एकट्याचं नाव लागलं आणि पुढे शेरा पडला: ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. कोकणात त्या काळी ही सर्रास पद्धत होती. एकाचं नाव लावलं की तलाठ्याचं काम हलकं व्हायचं आणि भावांमध्ये विषयही निघायचा नाही. बहिणीचं नाव घ्यायचं तर कोणाच्या डोक्यातही आलं नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या हिश्श्यात तिचा वाटा तेव्हाही होता, हे इथे सांगून ठेवतो, कारण ‘मुलींचा हक्क २००५ पासून’ हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकतो.

१९८२ च्या संपात गिरणी गेली आणि मधले गावाला परतले. पुढची तीसेक वर्षं जमीन त्यांनी केली. नांगर धरला, कलमं भरली, मळ्याचे बांध घातले. सातबाऱ्यावर त्यांचं नाव कुठेच नव्हतं. सोसायटीचं पीककर्ज काढायचं तर थोरल्या भावाची सही मुंबईहून यायची. ती यायची, भाऊ चांगले होते. त्यामुळे नाव लावायची निकड कोणाला वाटलीच नाही.

२०१९: पैसे आले, परत गेले

प्रधानमंत्री किसान सन्मान निधी २४ फेब्रुवारी २०१९ ला सुरू झाला, लाभ १ डिसेंबर २०१८ पासून धरला. वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. आधी २ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठी होता. १ जून २०१९ पासून क्षेत्राची अट गेली.

इथे एक बाब ध्यानात ठेवायला हवी. हे पैसे हेक्टरमागे मिळत नाहीत, कुटुंबामागे मिळतात. आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. सज्ञान भाऊ हे वेगळं कुटुंब, सज्ञान मुलगा हेही वेगळं कुटुंब. वीस हेक्टरवाल्याला ६,०००, वीस गुंठेवाल्यालाही ६,०००. म्हणजे एकाच जमिनीवर एक नाव असेल तर एक लाभ, आणि सहा नावं असतील तर सहापर्यंत लाभ. देशावर जिथे वाटण्या वेळच्या वेळी होऊन सातबारे फुटले, तिथे एका वाड्यातले चौघे भाऊ चार हप्ते घेऊ लागले. आमच्याकडे ए.कु.मॅ. शेऱ्याखाली अख्खं घर एका नावात अडकलेलं.

त्या वर्षी याद्या घाईघाईत झाल्या. सातबाऱ्यावर नाव थोरल्यांचं, म्हणून फॉर्म थोरल्यांचा भरला गेला. खातं मुंबईचं. पाच हप्ते आले, १०,००० रुपये. पण थोरले महापालिकेचे निवृत्त कारकून. पेन्शन दहा हजारांच्या वर, त्यात मुदतठेवीचं व्याज, आयकर भरणारे. या योजनेत चतुर्थ श्रेणी सोडून सरकारी आणि स्थानिक संस्थांचे आजी-माजी कर्मचारी बसत नाहीत, आयकर भरणारे बसत नाहीत, दहा हजार किंवा त्याहून जास्त पेन्शनवालेही बसत नाहीत. थोरले तिन्ही बाजूंनी बाहेर. आयकराच्या नोंदी जुळवल्यावर वसुलीची नोटीस आली. त्यांनी एका दमात सगळे पैसे भरले. वर मला फोन करून म्हणाले, “माका पैशे नको होते रे. फॉर्म भरूक सांगल्यानी, मी भरलंय.”

तेव्हा चित्र असं झालं, की तीन हेक्टरच्या घरात ज्याचं नाव तो अपात्र आणि जी पात्र तिचं नाव नाही. काकींनी या काळात एकही हप्ता पाहिला नाही.

नावं लावताना

नोटिशीने एक बरं केलं. थोरल्यांनाच वाटू लागलं, की आपलं एकट्याचं नाव काढून सगळ्यांची लावावीत. ज्या घरात ए.कु.मॅ. भाऊ अडून बसतो तिथे गोष्ट दिवाणी कोर्टात जाते आणि मग पिढी खर्ची पडते. इथे तो प्रश्न आला नाही.

तहसीलदारांकडे अर्ज, सगळ्या वारसांचे जबाब, प्रतिज्ञापत्र, मृत्यूचे दाखले, ३२-म चं प्रमाणपत्र, जुना फेरफार, म्हणजे सातबाऱ्यातल्या नावबदलाची नोंद. आदेश झाल्यावर तलाठ्याने फेरफार धरला, नोटीस काढली, हरकतीचे पंधरा दिवस गेले आणि मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. आता सातबाऱ्यावर सहा नावं: थोरले, धाकटे, बहीण, आणि मधल्या भावाचे वारस म्हणून काकी, त्यांचा मुलगा, त्यांची लग्न झालेली मुलगी. क्षेत्र सामाईकच राहिलं, हिस्से आण्यांत, सोळा आणे म्हणजे सगळी जमीन. प्रत्येक भावंडाचे चार आणे, मधल्याच्या चार आण्यांत तिघं.

मग पोर्टलवर काकींची नवी नोंदणी केली आणि ती नामंजूर झाली.

कारण तारखेचं. योजनेने जमीनधारणेसाठी १ फेब्रुवारी २०१९ ही सीमा ठेवली आहे. त्यानंतर खरेदी, बक्षीस, वाटणीने कोणी मालक झाला तर चालत नाही; अपवाद फक्त धारकाच्या मृत्यूमुळे आलेल्या वारसाहक्काचा. काकींचा फेरफार २०२२ चा. त्यात सगळं एकाच नोंदीत गुंडाळलेलं: ए.कु.मॅ. शेरा कमी, भावंडांची नावं दाखल, मधल्याचे वारस दाखल. मथळ्याला ‘तहसीलदार यांचे आदेशावरून’. कागद तपासणाऱ्याला ‘वारस’ हा शब्द वरवर दिसला नाही, तारीख मात्र ठळक दिसली.

कायद्याने पाहिलं तर काकींचा हक्क नवरा गेला त्या दिवशीच निर्माण झाला. फेरफार ही महसुली नोंद आहे, तिने मालकी जन्माला येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितलं आहे. पण पोर्टलवरच्या चौकटीत हा युक्तिवाद लिहायला जागा नसते. आम्ही दुसऱ्यांदा अर्ज करताना नवऱ्याचा मृत्यूचा दाखला आणि गाव नमुना ६-क, म्हणजे वारस नोंदवहीचा उतारा जोडला आणि जमीन मिळण्याचं कारण ‘पतीचा मृत्यू’ निवडलं. तेव्हा अर्ज पुढे गेला. ज्यांचं असं काम व्हायचं आहे त्यांना माझं सांगणं एवढंच: तलाठी कार्यालयात जमलं तर दोन फेरफार वेगळे करून घ्या, एक ए.कु.मॅ. कमी करण्याचा आणि दुसरा निव्वळ वारसाचा.

मुलीच्या बाबतीत आणखी एक गुंता. सातबाऱ्यावर तिचं माहेरचं नाव लागलं, आधारवर सासरचं. कोकणात निम्म्या बायकांचं हेच होतं. विवाह नोंदणीचा दाखला जोडून तो सुटला.

काकींची ई-केवायसी हा वेगळाच प्रकार. आयुष्यभर तरवा काढला, लावणी केली, कोकमं फोडली, चिरे उचलले. बोटांची टोकं गुळगुळीत. यंत्रावर अंगठा ठेवला की लाल दिवा. दहाही बोटं लावून झाली. तिळाचं तेल लावून पाहिलं, ओल्या फडक्याने पुसून पाहिलं. “ठसो उठणा नाय, मगे पैशे कशे येतले?” असं त्या म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघाल्याही. जून २०२३ मध्ये पीएम किसानच्या अॅपवर चेहऱ्याने ओळख पटवायची सोय आली होती, ती वापरून दारातल्या उजेडात उभं करून फोटो घेतला. एका मिनिटात झालं.

पहिला हप्ता आला तोही भलत्याच खात्यात, पोस्टमनने कधीतरी उघडून दिलेल्या पोस्टाच्या बँकेच्या. आधारशी जे खातं शेवटचं जोडलं जातं त्यात सरकारी पैसे पडतात. काकी दोन महिने जिल्हा बँकेच्या पासबुकात शोधत राहिल्या.

मग बारा हजार गेले कुठे?

राज्याने २०२३ च्या अर्थसंकल्पात नमो शेतकरी महासन्मान निधी जाहीर केला आणि त्याचा पहिला हप्ता ऑक्टोबर २०२३ मध्ये शिर्डीतून सोडला. पीएम किसानच्या यादीत जो बसतो त्याला राज्याचे आणखी ६,०००. म्हणजे वर्षाला १२,०००. काकी, मुलगा, मुलगी आणि धाकटे दीर असे चौघे पात्र ठरले. थोरले अपात्र आहेतच. बहिणीचे यजमान जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक, म्हणून तेही कुटुंब बाहेर.

तोवर जुलै २०२४ पासून लाडकी बहीण सुरू झाली होती. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत कुटुंबाचं उत्पन्न असलेल्या बाईला महिन्याला १,५००, वर्षाला १८,०००. काकींना ते मिळत होते. पण त्या योजनेत अशी अट आहे, की बाईला दुसऱ्या सरकारी योजनेतून दरमहा काही रक्कम मिळत असेल तर लाडकी बहीणमधून फक्त १,५०० पर्यंतचा फरक द्यायचा. पीएम किसान आणि नमोचे मिळून वर्षाला १२,००० म्हणजे महिन्याला १,०००. फरक उरला ५००. २०२५ मध्ये काकींच्या खात्यात १,५०० ऐवजी ५०० दिसू लागले.

गणित सोपं आहे. किसानच्या यादीत नाव नसताना काकींना वर्षाला १८,००० मिळत होते. यादीत नाव आल्यावर शेतीचे १२,००० आणि लाडकी बहीणचे ६,०००, मिळून १८,०००. एवढे दाखले, एवढ्या फेऱ्या, आणि हातात एक रुपया जास्त नाही.

त्यांच्या मुलीचंही तसंच. कणकवलीला असते, नवरा रिक्षा चालवतो. आधी १८,०००, आता १८,०००. तिच्या भावाचं नाव त्याच फेरफाराने, त्याच दिवशी, तेवढ्याच हिश्श्याला लागलं. तो पुरुष, त्याला लाडकी बहीण लागू नाही, त्यामुळे त्याचे १२,००० निखळ वाढले. आणि डोंबिवलीच्या धाकट्यांच्या घरात नवऱ्याच्या नावावर शेतीचे १२,००० आणि बायकोच्या नावावर लाडकी बहीणचे पूर्ण १८,०००. तिचं स्वतःचं नाव सातबाऱ्यावर नाही, म्हणून तिची कपात नाही. काकी विधवा, दोन्ही योजना त्यांच्या एकाच नावावर येऊन पडतात, म्हणून एक दुसरीला खाते.

एका योजनेची अट दुसरीला छेदते हे सरकारला कळत नसेल असं नाही. दुबार लाभ टाळायचा हेतू समजण्यासारखा आहे. पण परिणाम काय होतो ते पाहा. शेतजमिनीच्या कागदावर बाईचं नाव यावं म्हणून हेच राज्य लक्ष्मी मुक्तीसारखी योजना चालवत आलं, १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर जिवंत सातबारा मोहीम राबवून मयतांच्या जागी वारसांची नावं लावायला लागलं. आणि नाव लागल्या दिवसापासून त्या नावाचं रोख मोल बाईपुरतं शून्य करून ठेवलं. पासष्टीनंतर लाडकी बहीण थांबेल आणि किसान निधीला वयाची अट नाही, तेव्हा काकींचं नाव कामाला येईल. त्याला अजून सात वर्षं आहेत.

कागदावर नसलेला

या हिशेबात एक माणूस कुठेच आला नाही. थोरल्यांच्या आणि धाकट्यांच्या वाट्याचे मळ्यातले कुणगे शेजारी करतो, अर्धलीने. नांगरणी, बी, खत त्याचं, भात निम्मं. किसान निधी जमिनीच्या मालकाला आहे, कसणाऱ्याला नाही, त्यामुळे त्याला काही मिळायचा प्रश्न नाही. विमा, नुकसानभरपाई तरी मिळावी म्हणून त्याने एकदा साध्या वर्षाच्या कराराचं विचारलं. थोरल्यांनी, ज्यांनी हप्ते न कुरकुरता परत केले त्यांनी, लगेच नाही म्हटलं. लिहून दिलं तर कूळ लागेल, म्हणजे उद्या तो मालकी सांगेल.

ही भीती कोकणात भिंतीत मुरलेल्या ओलीसारखी आहे, कितीही रंग दिला तरी वर येते. आणि या घराला ती शोभत नाही असंही मला वाटतं, कारण यांची स्वतःची जमीन कूळ म्हणूनच आली. पण थोरले त्यांच्या परीने बरोबर. १९५७ ला खोताचं काय झालं ते त्यांनी बापाच्या तोंडून ऐकलंय.

कलमांचं तसं नाही. ती दरवर्षी एका बागायतदाराला मोहोरापासून पेटीपर्यंत कराराने जातात. फवारणी, राखण त्याची. फळपीक विमा काकींच्या नावावर उतरवतात, शेतकऱ्याचा हप्ता बागायतदार भरतो. त्याच्या स्वतःच्या नावावर विमा हवा तर नोंदणीकृत भाडेकरार लागतो आणि तो करायची कोणाची तयारी नाही. भरपाई आली तर तोंडी ठरल्याप्रमाणे वाटतात. आतापर्यंत निभावलंय. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात कलमं उन्मळली तेव्हा मात्र पंचनामा सातबाऱ्याप्रमाणे झाला, मदत मालकाच्या नावे लागली, आणि झाडाखाली पडलेल्या आंब्याचं नुकसान ज्याचं झालं त्याला कागदाने ओळखलं नाही.

सध्या

१५ एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या कृषी योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागतो. सहाही जणांचे काढून झाले. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटपाचा अर्ज करायचा विषय घरात दोनदा निघाला. काकींना मळा आणि घराकडची कलमं एका जागी हवीत, धाकट्यांना रस्त्यालगतचा सडा. त्यावर अडलंय.

या गणपतीत धाकट्यांनी बहिणीपुढे हक्कसोडपत्राचा मसुदा ठेवला. मुद्दा त्यांनी पैशाचाच काढला: तुला हप्ता नाही, तू अपात्र, मग नाव कशाला? कणकवलीच्या पुतणीलाही तेच ऐकवलं, तुझे पैसे तर वाढलेच नाहीत. दोघी मसुदा घेऊन माझ्याकडे आल्या. मी सांगितलं, हक्कसोड दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं आणि एकदा नोंदवलं की मागे घेता येत नाही. हप्ता सरकारच्या मर्जीचा, उद्या बंद होईल किंवा वाढेल, जमिनीतला हिस्सा तसा नाही. पुतणीने मसुदा तिथेच ठेवला. आत्याने घडी घालून पर्समध्ये टाकला आणि भावाला फोन लावला, “नाव काढून माका काय गावतला? आणि ठेवून तुमचा काय जाता?”

धाकट्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही. वाटपाचा अर्ज त्यांच्या सहीसाठी थांबलेला आहे.